सान इसिद्रोचा पेला

३ मे. पाऊस : ०

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन भयंकर आहे आणि मी एकाच बोटानं टाइप करते. बाकीची नऊ बोटं या टॅबला कळतच नाहीत, टॉर्टिया थापून थापून घट्टे पडलेत ना. एवढ्या चार ओळींना अर्धा तास गेला, आणि मधे कोंबडी हाकलायला दोनदा उठले.

माफी कुणाची मागतेय कुणास ठाऊक. हे कोणी वाचणारच नाही. निदियाबाई, म्हणजे शहरातल्या शेतकी ऑफिसच्या इंजिनियर, त्यांनी टॅब देताना शिकवलं: सकाळी सहाला पाऊस मोजायच्या पेल्यात पाणी किती ते बघायचं, आकडा वरच्या चौकटीत टाकायचा, खाली शेऱ्याची चौकट आहे, पेल्यात पान पडलं, किडा पडला तर तिथं लिहायचं, आणि हिरवं बटण दाबायचं. काल मी "मुंगी, एक, मेलेली" असं लिहून बटण दाबलं तर चौकट कोरी झाली. शाळेतला फळा पुसतात तशी. लिहायचं, दाबायचं, गायब. मला हे फारच आवडलं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इथं चार सोडा, एक पण माणूस नाही.

माझं नाव डेल्मी. सोळा पूर्ण. गाव एल होकोते, चोलुतेकाच्या वरच्या डोंगरात, अकरा घरं. टॅबमधे होंडुरासचा नकाशा आहे, त्यात आमचं गाव नाही. मी नखानं खूण करून बघितली, राहिली नाही.

४ मे. पाऊस : ०

पेला म्हणजे प्लास्टिकची नळी, अंगावर मिलिमीटरच्या रेघा, परड्यात खांबावर बसवलीय. खांब उंच आणि मी बुटकी. बादली पालथी घालून वर चढते. आज बादलीला चीर गेली. आई म्हणाली, "शून्य बघायला बादली फोडलीस. शून्य तर मी चुलीपाशी बसून पण सांगितलं असतं."

बाईंचं काम मला समजलं ते असं. त्यांच्या संगणकात आमचं शेत आहे. खोटं. आमचीच माती, आमचाच उतार, आमचाच मका, पण खोटा. माझ्या पेल्यातला खरा पाऊस त्या त्यात घालतात आणि मका पेरतात. आज पेरतात, उद्या पेरतात, दहा दिवसांनी पेरतात, शंभर शंभर वेळा, आणि कुठल्या तारखेचा जगतो ते बघतात. खोटा मका मेला तर कोणी उपाशी राहत नाही. ही युक्ती मला आवडली. आपलं पण असं एक खोटं शेत असावं.

आजोबांना सांगितलं. म्हणाले, "मका मारायला संगणक कशाला लागतो? बकरी पुरते."

६ मे. पाऊस : ०

आजोबांबद्दल लिहायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. (कुणाला?)

आजोबा, डॉन एवारिस्तो, आईचे वडील. गावाचं आभाळ तेच सांभाळतात. कबान्युएला बघतात. जानेवारीचे पहिले बारा दिवस, एकेक दिवस एकेका महिन्याचा. पाच तारखेला जसं आभाळ, तसा मे. सहाला जसं, तसा जून. बाराही दिवस ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि वहीत लिहितात. अकराही घरं त्यांच्या शब्दावर पेरतात, एकाच दिवशी सुरू, आधी आमचं शेत, मग पुढचं, सगळ्यांचे हात सगळ्यांना.

गेल्या वर्षी वहीत मे ओला होता. पेरलं. आठ दिवस पाऊस, मग एकवीस दिवस काहीच नाही. रोपं उभी राहूनच वाळली, कोणी इस्त्री फिरवल्यासारखी. आजोबांना कोणी एका शब्दानं बोललं नाही. तेच वाईट. महिनाभर आजोबा ओसरीवर आले नाहीत, परड्याच्या दारानं शेतात जायचे. फक्त डोन्या चेपा दर शनिवारी मक्याचे उकडलेले तामालेस घेऊन यायच्या आणि "खाल्लं का डॉन एवारिस्तोनी?" असं विचारून जायच्या. बिचाऱ्यांचं मन फार मोठं. विधवा बाई, एकट्या, म्हणून जास्त होतं वाटतं त्यांच्याकडे.

म्हणून या वर्षी बी एकाच पेरणीपुरतं उरलंय. आमचा मका, बुटकं कणीस, लाल टोक. चुलीवर धुरात टांगलेलाय, अकरा घरांचा मिळून सात माळा. हा मका दुसरीकडे कुठे मिळत नाही. बाहेरचं बी आणलं की आमच्या मातीत रुसतं, आणि त्याच्या टॉर्टिया तव्यावर फाटतात. या सात माळा कोरड्यात पडल्या तर आमचा मका संपला. कायमचा. जेवताना आई वर बघते, मोजते, मग वाढते.

९ मे. पाऊस : ०

गंमत! बसवाल्यानं एक स्टूल आणून दिलं. लाकडी, नवीन. चिठ्ठी: "एल होकोतेच्या पेल्यासाठी." ऑफिसमधली माणसं किती विचार करतात. मी तर कुणाला बोलले पण नव्हते. सगळ्याच गावांना दिलं असणार.

स्टूल आलं तसं बसवाल्याबरोबर सबानाग्रांदेच्या रोस्किया पण आल्या असत्या तर काय बिघडलं असतं. त्या कडक, कॉफीत बुडवून खायच्या. शेवटच्या खाल्ल्या त्याला दोन वर्षं झाली. असो.

११ मे. पाऊस : ०

आज पाण्याला गेले तेव्हा सातवीतली पोरं गणवेशात खाली बस पकडायला चालली होती. मी झाडामागं थांबले, ती गेल्यावर निघाले. सहावीत मी पहिली आले होते. हे कधी कुणाला सांगत नाही. सातवीची शाळा दोन तास लांब, हे खरं, पण तेच एक कारण नाही. सहावीच्या शेवटच्या दिवशी सगळ्या आयाबापांसमोर कविता म्हणायची होती. मी उभी राहिले आणि उभीच राहिले. मास्तरांनी पहिली ओळ सांगितली. दुसरी पण सांगितली. शेवटी सगळी कविता मास्तरांनीच म्हटली आणि लोकांनी मला टाळ्या दिल्या.

त्या टाळ्या अजून ऐकू येतात.

हिरवं बटण.

१५ मे. पाऊस : ०

आज सान इसिद्रोचा सण. शेतकऱ्यांचा संत, म्हणून पाऊस मागायचा तो त्याच्याकडेच. संताला अंघोळ घातली, नवी टोपी घातली आणि शेतांतून फिरवला. डोन्या चेपा पुढे, कारण संत वर्षभर त्यांच्याच घरी असतो. त्या माझ्या माद्रिना पण आहेत, बाप्तिस्म्याला मला त्यांनीच धरलं होतं. म्हणून मी त्यांना माद्रिनाच म्हणते.

आमच्याकडे रीत आहे: संत जाताना प्रत्येक घरानं दारात भोपळ्याचं भांडं पाण्यानं काठोकाठ भरून ठेवायचं. रिकामं भांडं संताला दिसलं तर त्याला वाटतं, ही माणसं गाव सोडून गेली, आता इथं पाऊस कशाला.

मी परड्यात गेले नाही. आईबरोबर आत टॉर्टिया भाजत बसले, एवढी माणसं होती. आजोबांनी आज दाढी केली, गुळगुळीत, आणि केसांना पाणी लावलं. संतासाठी. भाविक आहेत ते.

मिरवणूक संपता संपता भुरभुर आली! खरंच! रोसेंदो, आमचा शेजारी, टोपी आभाळात फेकून नाचला. "पाच जानेवारी!" असं आजोबा ओरडले. डोन्या चेपा रडल्या. आजोबांनी आपला रुमाल दिला त्यांना. रुमाल परत आला नाही, आई शोधत होती.

१६ मे. पाऊस : ४१

एक्केचाळीस. मी तीन वेळा बघितलं. स्टुलावरून उतरले, परत चढले. एक्केचाळीस.

इतकी भुरभुर होती? मी आत होते, मला काय कळणार. पण परड्यात बोट खुपसलं तर वर ओलं आणि पेरभर खाली पीठ. कोंबड्या धुळीत लोळतायत. असेल, माती तहानलेली असणार, सगळं पिऊन टाकलं असणार. पेला खोटं कशाला बोलेल.

संध्याकाळी: टॅबवर ऑफिसचा निरोप आला. "एल होकोते, ४१ आकडा बरोबर आहे का? खात्री करून हो किंवा नाही दाबा." त्यांना आकाशातून दिसत असणार काहीतरी. मी एक्केचाळीसच वाचला होता. म्हणून हो दाबलं.

१७ मे. पाऊस : ०

बाईंचा निरोप आला, मी तो आजोबांना वाचून दाखवला, आणि आजोबांनी तो अख्ख्या गावाला ऐकवला: "एल होकोते: जमिनीत ओल पुरेशी. २० मेपासून पेरणी करता येईल."

आजोबा दहा वर्षांनी लहान झाले. वही एका हातात, टॅब दुसऱ्या हातात, जणू दोन्ही त्यांचेच. "बघा! वही म्हणते मे ओला. मशीन म्हणतं मे ओला. आता काय हवं? पोपनं येऊन सांगायला हवं?"

मग त्यांनी बी टोकायची काठी जमिनीत मारून बघितली. बोट घातलं. कपाळाला आठी. "माझ्या बोटाला तर कोरडं लागतंय."

रोसेंदो म्हणाला, "डॉन एवारिस्तो, आकाशातलं यंत्र म्हणतंय खाली ओल आहे. तुमचं बोट काय यंत्रापेक्षा शहाणं?"

"बोट म्हातारं झालंय त्यांचं," डोन्या चेपा म्हणाल्या.

"बोटच," आजोबा म्हणाले. "बाकी काही नाही."

सगळे इतके का हसले मला कळलं नाही.

१८ मे. पाऊस : ०

माळा खाली उतरवल्या. सगळा गाव आमच्या ओसरीवर, मका सोलतोय, दाणे खडखड टोपल्यात पडतायत. असा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. मला पण हसू येत होतं.

मी माद्रिनाच्या शेजारी बसले होते. त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझी अब्रू राखली हो मी त्या दिवशी."

"कशी?"

"अगं, संत आला परड्यात, आणि तुझा तो पेला खांबावर, आभाळाकडे तोंड करून, ठणठणीत रिकामा! सगळ्यांच्या दारात भरलेलं आणि सगळ्यात उंचावर ठेवलेलं तेवढं रिकामं! माझ्या काळजात धस्स झालं. आधी त्या स्टुलावर चढले आणि माझ्या भांड्यातलं ओतलं थोडं. संतानं बघायच्या आत. आणि बघ की, लगेच पाऊस!"

मी कणीस सोलत राहिले. दाणे संपले तरी सोलत राहिले, बोट सोललं.

पेल्याचं तोंड एवढंसं. पाव भांडं पाणी म्हणजे सगळा एक्केचाळीस.

हिरवं बटण दाबलं तर नुसतं गोल गोल फिरतंय. चौकट पुसली जात नाही. बसवाला म्हणाला, टॉवरच्या बॅटऱ्या कोणीतरी काढून नेल्या.

१९ मे. पाऊस : ०

पुसलं गेलं नाही. कालचं अजून इथंच आहे. कोणी बघितलं तर?

काय काय होईल ते बघते. मी बोलले तर: एक, माद्रिनाची अब्रू जाईल, तीसुद्धा संताच्या नावानं. दोन, आजोबा परत परड्याच्या दारानं जायला लागतील. तीन, मी "हो" दाबलं होतं ते सगळ्यांना कळेल. आणि मुळात बोलायचं कसं? तोंड उघडलं तरी आवाज येतो का माझा?

नाही बोलले तर सात माळा.

बाईंना कळवायला पाहिजे, पण टॅब मुका, आणि बाईंना काय, त्यांना फक्त आकडा जातो. आकडा म्हणतो एक्केचाळीस.

रोसेंदोला सांगू का? तो सगळ्यांना सांगेल, आणि गाणं करून सांगेल. आईला सांगायला गेले. आई दाणे पाखडत होती, गुणगुणत होती. आई गुणगुणते हे मी विसरले होते. परत आले.

उद्या खरा पाऊस येईल कदाचित. आभाळ धुतलेल्या ताटासारखं आहे.

२० मे. पाऊस : ०

लिहिते.

सहाला शून्य बघितलं, साडेसहाला सगळे शेतात. तेवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात टोकायची काठी, कमरेला बियाची पिशवी. पहिलं भोक आजोबांनी पाडायचं अशी रीत. त्यांनी टोपी काढली, क्रूस केला, काठी उचलली.

मी पुढे गेले आणि काठी धरली.

"काय गं?"

मी तोंड उघडलं. काहीच नाही. शेवटचा दिवस, सहावी, तस्संच. सगळे बघतायत. रोसेंदो म्हणाला, "हिला पण पेरायचंय वाटतं पहिलं," आणि कोणीतरी हसलं. मला वाटलं, आता टाळ्या वाजवतील. त्या टाळ्यांच्या भीतीनं आवाज फुटला बहुतेक. फार मोठा फुटला. मीच दचकले.

"एक्केचाळीस खोटा आहे!"

सगळे माझ्याकडे वळले.

"पेल्यात पाऊस नव्हता. भुरभुर होती, दोन-तीन रेघांची. बाकीचं पाणी... बाकीचं माझ्या चुकीनं. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं. खाली ओल नाही. आजोबांचं बोट बरोबर आहे."

आणि काठी त्यांच्या हातातून घेतली, जोर लावून जमिनीत मारली, उपसली आणि टोकावरची माती सगळ्यांसमोर फुंकली. उडाली. धूळच ती. रोसेंदो शिंकला.

आजोबा माझ्याकडे बघत होते. "तुझ्या चुकीनं म्हणजे? पाणी पेल्यात गेलं कसं?"

मी खाली बघितलं.

"पोरगी खोटं बोलतेय," मागून आवाज आला. डोन्या चेपा. बाकीच्यांना बाजूला करत पुढे आल्या, हनुवटी वर. "मी ओतलं. संतासमोर रिकामं भांडं ठेवायचं नाही म्हणून ओतलं. मला काय माहीत त्याची बातमी शहरात जाते! मला शिव्या द्यायच्या तर द्या."

मला वाटलं, झालं. आजोबांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत वाटलं. हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चेपा, चेपा," (डोन्या न लावता! एवढ्या लोकांत!) "साठ वर्षं मी आभाळाची मिनतवारी करतोय, आणि तू भोपळ्यातून पाडलास होय पाऊस?"

मग सगळेच हसले. मग कोणीतरी विचारलं, "आता?" आणि हसणं थांबलं.

आजोबांनी आपल्या पिशवीत हात घातला. दाणे बघितले. वहीकडे नाही, आभाळाकडे पण नाही, दाण्यांकडे. "गेल्या वर्षी बोट कोरडं म्हणत होतं," ते म्हणाले, "मी वहीचं ऐकलं. या वर्षी बोटाचं ऐकू." मग जरा घुटमळून, "पण वहीचा पण मान आहे. माझ्या एका टोपीत मावेल तेवढं मी इथं कडेला पेरतो. माझ्या वाटणीतलं. बाकीचं पत्र्याच्या कोठीत ठेवा, झाकण घट्ट लावा."

घरी येताना आई दारात थांबली आणि म्हणाली, "आवाज कुणावर गेलाय तुझा? माझ्या सासूवर. ती डोंगरावरून डुकरं बोलवायची."

२३ मे. पाऊस : ०

काल टॉवर चालू झाला. बटण दाबलं तर पाच दिवसांचं सगळं एका झटक्यात गायब. हुश्श. आता कुणालाच दिसणार नाही.

आणि आज सकाळी निदियाबाई! मोटारसायकलवर, भुवयांपर्यंत धूळ. कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी आल्या आल्या विचारलं, "पेरलं नाहीत ना?" आजोबा म्हणाले एक टोपी. बाईंनी जोरात श्वास सोडला आणि ओसरीवर बसकण मारली.

"रात्री एक्केचाळीस काढून तीन टाकला," त्या म्हणाल्या, "आणि परत शंभर वेळा पेरलं. वीस मेचा मका शंभरातून ब्याऐंशी वेळा मेला."

"बाई गं," माद्रिना म्हणाल्या आणि क्रूस केला. खोट्या मक्यासाठी.

"सहा जूनच्या पुढे जगतोय. पण हे पण अंदाजच हं, डॉन एवारिस्तो. तुमच्या वहीसारखाच."

"माझी वही माणसाला विचारत नाही, हो की नाही दाबा म्हणून," आजोबा म्हणाले. पण बाईंना कॉफी त्यांनीच ओतली, कडक, पहिली.

बाईंनी सामान काढलं. पेल्याला जाळीचं झाकण. आणि अजून एक पेला, अगदी तसाच. म्हणाल्या, "हा दुसरा सान इसिद्रोचा. हा डोन्या चेपांनी सांभाळायचा. सणाला, दर रविवारी, वाटेल तेव्हा काठोकाठ भरा. याचा आकडा कुणाला पाठवायचा नाही." माद्रिनांना इतका आनंद झाला की त्या लगेच भरायला धावल्या. आता परड्यात दोन खांब आहेत. आपला रिकामा आणि संताचा भरलेला.

मला काय दिलं असेल? रोस्किया! सबानाग्रांदेच्या! एक अख्खी पिशवी. मी म्हटलं, बाई, तुम्हाला पण आवडतात वाटतं. त्यांना ठसकाच लागला.

आणि एक फॉर्म. रेडिओवरच्या शाळेचा. सातवी घरी बसून करायची, धडे रेडिओवर ऐकायचे, शनिवारी फक्त एकदा खाली जायचं. कुणासमोर उभं राहावं लागत नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मग म्हणाल्या, "पण तुला आता ते पण जमेल म्हणा." आईनं सांगितलं असणार यांना सगळं. मी आईला विचारलं, आई म्हणते मी नाही. मग आजोबा.

निघताना म्हणाल्या, "डेल्मी, शेरा लिहायचं सोडू नकोस. आम्ही सगळे ऑफिसात..." मग थांबल्या, हेल्मेट घातलं. "म्हणजे, किडाबिडा पडला तर."

आजोबा आणि माद्रिना फाटकापाशी उभे होते त्यांना निरोप द्यायला. बाई त्या दोघांकडे बघून उगीचच हसत होत्या. दमल्या असतील.

२ जून. पाऊस : ०

आजोबांची टोपीभर पेरणी उगवली, बोटभर झाली आणि आज पिवळी. उरलेली काळ्या पक्ष्यांनी उपटली. आजोबा रोज बघायला जातात. पुढच्या दारानं जातात. रोसेंदोनं विचारलं, "काय म्हणते वही?" आजोबा म्हणाले, "वही म्हणते, एक टोपी बी, शहाणपणाची किंमत म्हणून फार नाही."

६ जून. पाऊस : ०

बाईंची तारीख. आभाळ कोरं. आई कोठीचं झाकण उघडून दाणे हुंगून येते. मला झोप नीट लागत नाही. मी सगळ्यांना थांबवलं, आता पाऊसच नाही आला तर?

७ जून. पाऊस : ०

आजोबा म्हणाले, तुझ्या मशीनचं बोट पण म्हातारं झालंय.

९ जून. पाऊस : ४६

सेहेचाळीस. जाळी लावलेली. आधी मी माद्रिनाच्या घरी पळत जाऊन विचारलं, तुम्ही काल कुठे होता? त्या म्हणाल्या, "देवाशपथ घरात! छतावर नुसते ढोल वाजत होते, बाहेर कोण येतंय!"

परड्यात पाय घोट्यापर्यंत रुतला. चप्पल आतच राहिली. आजोबांनी बोट घातलं, अख्खा हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसेच बसून राहिले चिखलात.

टॅबवर प्रश्न आला: "४६ बरोबर आहे का?" हो, हो, हो. तीनदा दाबलं. एकदाच लागतं.

११ जून. पाऊस : १८

पेरलं. पहिलं भोक आजोबांनी माझ्याकडून पाडून घेतलं. कोणी हसलं नाही. नाही, रोसेंदो हसला.

२८ जून. पाऊस : १२

मका गुडघ्याच्या खाली आहे, पण पोट सुटलेल्या माणसासारखा ऐटीत उभा. अकराही घरांचा. कोठीत अजून दोन शेर बी शिल्लक आहे, आई म्हणते ते कुणी मागितलं तरी द्यायचं नाही, ते परत धुरात जाणार. जुलैत कोरडे आठवडे येतील तेव्हा काय ते बघू. बाईंनी खोट्या शेतात आत्तापासून वाळवायला घेतलाय.

आजोबांनी वहीत नवीन रकाना आखला. वर लिहिलं, "पेला." रोज सकाळी मला विचारतात, आणि सहा जानेवारीच्या शेजारी माझा आकडा लिहितात. रेडिओवर काल पहिला धडा झाला, पृथ्वी गोल कशी ते. मी उत्तर मोठ्यानं दिलं. फक्त रेडिओ होता, पण मोठ्यानं दिलं.

एक झोम्पोपो मुंगी, जिवंत, जाळीवर. म्हणजे शेरा झाला.

थांबा, थांबा. आई आत आली आणि पातेलं हातात धरून नुसती उभी आहे. आजोबा आणि डोन्या चेपा लग्न करतायत! ऑगस्टमधे! माझी माद्रिना माझी आजी! हे कधी झालं? कसं झालं? कोणालाच काही माहीत नव्हतं! आजोबा ओसरीवरून ओरडतायत, डेल्मी, त्या तुझ्या बाईंना विचार, ऑगस्टच्या कुठल्या शनिवारी पाऊस नाही.